हवाई छत्रीला टाका कोणी घालायचा?

बाजारातून आणलेला सदरा अंगात सैल झाला तर आपण तो शिंप्याकडे नेतो. शिंपी बगलेत दोन टाके घालतो, सदरा बेतशीर होतो आणि कुणाचीही परवानगी लागत नाही. आता समजा, सैल झालेली वस्तू सदरा नसून हवाई छत्रीचा, म्हणजे पॅराशूटचा, खांद्यावरचा पट्टा आहे. पट्टा तोच, सुई तीच, दोराही जवळजवळ तसाच. पण अमेरिकेत हा पट्टा आखूड करण्यासाठी नेहमीच्या शिंप्याकडे जाता येत नाही. एवढेच काय, छत्रीची घडी घालण्याचा परवाना असलेल्या तज्ज्ञालाही ते काम करता येत नाही. त्यासाठी त्याहून वरच्या परवान्याचा माणूस लागतो. आणि त्या माणसालाही निर्मात्याची किंवा सरकारी विमानखात्याची संमती असल्याखेरीज सुई उचलता येत नाही.

वरवर पाहता हा नियम सरकारी कटकटीचा नमुना वाटेल. परंतु त्याचा इतिहास पाहिला तर त्यामागे विज्ञानातला एक मूलभूत विचार उभा असलेला दिसतो. एखादी वस्तू चाचणीत उतरली याचा नेमका अर्थ काय, आणि त्या वस्तूत बदल केल्यावर तो अर्थ शिल्लक राहतो का, हा तो विचार. छंद म्हणून विमानातून उडी मारण्याचा स्कायडायव्हिंग हा खेळ आपल्याकडे अजून थोड्यांचाच आहे. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी घेतली तेव्हा त्याचे नाव मराठी घरांत पोचले. मात्र या खेळातल्या साधनांचे नियम जिथे सर्वांत तपशीलवार घडत गेले तो देश अमेरिका होय. म्हणून आपण ही हकीकत मुख्यतः तिथलीच पाहणार आहोत. सुरुवात मात्र युरोपातून करावी लागेल.

चाचणीआधीचा काळ

२२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसमध्ये आंद्रे-जाक गार्नरँ हा फ्रेंच माणूस बलूनमधून सुमारे एक हजार मीटर उंचीवर गेला आणि दोर कापून कापडी छत्रीच्या आधाराने खाली आला. तो वाचला, पण खाली येताना छत्री घड्याळाच्या लंबकासारखी भयंकर झोके घेत होती. कारण सोपे आहे. छत्रीच्या घेरात कोंडलेली हवा कधी एका काठाखालून निसटे, तर कधी दुसऱ्या. पुढच्या काळात छत्रीच्या माथ्याशी एक भोक ठेवण्याची पद्धत पडली. त्यातून थोडी हवा संथपणे निघून जाते आणि झोके कमी होतात. छत्रीतला हा फार जुना आणि यशस्वी फेरबदल म्हणता येईल.

दुसरा प्रसिद्ध फेरबदल मात्र जिवावर बेतला. इंग्लंडमधल्या जॉर्ज केली या संशोधकाने झोके टाळण्यासाठी वेगळी कल्पना मांडली होती. छत्री उलट्या शंकूच्या आकाराची, म्हणजे टोक खाली आणि तोंड वर अशी, केली तर ती अधिक स्थिर राहील असे त्याचे म्हणणे होते. तत्त्व म्हणून ते चुकीचे नव्हते. रॉबर्ट कॉकिंग या साठी ओलांडलेल्या हौशी गृहस्थाने तशी छत्री बनवली. आकार टिकून राहावा म्हणून त्यात कड्या आणि सांगाडा घालावा लागला आणि छत्रीचे वजन शंभर किलोच्या वर गेले. २४ जुलै १८३७ रोजी लंडनच्या व्हॉक्सहॉल बागेतून बलूनखाली टांगून ती वर नेण्यात आली. सोडल्यावर थोड्याच वेळात सांगाडा मोडला, छत्री चुरगळली आणि कॉकिंग मरण पावला.

कॉकिंगने एक दोष दूर करण्यासाठी आकार बदलला. आकार बदलल्यामुळे सांगाडा आला, सांगाड्यामुळे वजन वाढले, वजनामुळे जोडांवरचा ताण वाढला, आणि त्या वाढलेल्या ताणाखाली ते जोड टिकतील की नाही हे पुरेसे तपासलेलेच नव्हते. बदल एकच करायचा म्हटला तरी त्याची साखळी किती लांब जाते याचे हे उदाहरण आहे. पुढे नियम करणाऱ्यांना याच साखळीची धास्ती होती.

तिसरी घटना पॅरिसचीच. फ्रान्झ रायशेल्ट हा व्यवसायाने शिंपी होता. वैमानिकाच्या अंगावरच्या पोशाखातूनच छत्री उघडावी अशी त्याची कल्पना होती. बाहुल्यांवर केलेल्या त्याच्या चाचण्या समाधानकारक झालेल्या नव्हत्या. तरीही ४ फेब्रुवारी १९१२ रोजी आयफेल टॉवरच्या पहिल्या मजल्यावरून, सुमारे ५७ मीटर उंचीवरून, त्याने बाहुलीऐवजी स्वतःच उडी घेतली आणि तो जागीच ठार झाला. चाचणीने दिलेले उत्तर गैरसोयीचे असले तरी ते उत्तरच असते, ही गोष्ट या प्रसंगाने फार महागात शिकवली.

रिगर नावाचा माणूस

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराने डेटन शहराजवळच्या मॅक्कुक विमानतळावर छत्र्यांच्या पद्धतशीर चाचण्या सुरू केल्या. २८ एप्रिल १९१९ रोजी लेस्ली अर्व्हिन याने तिथे विमानातून उडी घेतली, काही क्षण मोकळेच खाली येऊन मग हाताने दोरी ओढून छत्री उघडली. विमानाला न बांधलेली आणि उडी घेणाऱ्याने स्वतः उघडायची छत्री यानंतर लष्करात रुजली. २० ऑक्टोबर १९२२ रोजी त्याच विमानतळावरचा वैमानिक हॅरॉल्ड हॅरिस मोडत्या विमानातून अशाच छत्रीने बाहेर पडून वाचला.

छत्री अशी भरवशाची झाली तसा एक नवाच प्रश्न उभा राहिला. छत्री वापरणारा एक, शिवणारा दुसरा आणि घडी घालून पिशवीत भरणारा तिसरा. वापरणाऱ्याला आत काय आहे ते दिसत नाही. मग तिसऱ्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? अमेरिकी नौदलाने १९२४ साली लेकहर्स्ट येथे या तिसऱ्या माणसासाठी शाळाच काढली. छत्री तपासणे, दुरुस्त करणे आणि घडी घालणे हा ज्याचा व्यवसाय, त्याला रिगर म्हणतात. शिक्षण संपताना रिगरने स्वतः घडी घातलेल्या छत्रीने स्वतः उडी घ्यायची, ही तिथली प्रथा. दुसऱ्याचा जीव ज्याच्या हातात द्यायचा त्याची याहून चांगली परीक्षा कोणती असणार?

कात्रीतून जन्मलेला खेळ

दुसरे महायुद्ध संपले आणि लष्कराकडच्या हजारो छत्र्या मोडीच्या भावात विकायला निघाल्या. युद्धकाळात रेशमाची जागा नायलॉनने घेतली होती, त्यामुळे या छत्र्या टिकाऊ होत्या. विमानातून संकटकाळी बाहेर पडण्यासाठी बनवलेली २८ फूट, म्हणजे सुमारे साडेआठ मीटर व्यासाची गोल छत्री हौशी मंडळींच्या हाती पडली. ती २८ पाकळ्या जोडून शिवलेली असे. तिला सुकाणू असे काही नव्हते. वारा नेईल तिकडे ती जाई आणि उडी घेणारा झाडावर, तळ्यात, कुठेही उतरे.

मग कुणीतरी कात्री घेतली. मागच्या बाजूच्या पाकळ्यांचा काही भाग कापून काढला तर आतली हवा त्या भोकातून मागे निसटते आणि प्रतिक्रिया म्हणून छत्री पुढे सरकते. न्यूटनचा तिसरा नियम इथे कापडात उतरलेला दिसतो. भोकाच्या दोन बाजूंना दोऱ्या बांधल्या की एक बाजू ओढून छत्री वळवताही येते. भोकाच्या आकारावरून या छत्र्यांना रोमन अक्षरांची नावे पडली. 'टीयू' हे त्यांतले गाजलेले नाव. अमेरिकेत या खेळाचे पहिले व्यापारी केंद्र १९५९ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ऑरेंज या गावी निघाले. त्या काळच्या खेळाडूंच्या पाठीवर अशाच कापलेल्या छत्र्या असत.

अर्थात भोक पाडले की दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे हवा अडवणारे क्षेत्रफळ घटते आणि उतरण्याचा वेग वाढतो. दुसरी म्हणजे कापडातून दोऱ्यांकडे जाणारा ताण भोकाला वळसा घालून जाऊ लागतो आणि भोकाच्या कोपऱ्यांशी साठतो. म्हणून भोकाच्या कडेने मजबूत पट्टी शिवावी लागते. कागदाला नुसती कात्री लावली की तो तिथून सहज फाटतो, पण कडेला चिकटपट्टी लावली तर फाटत नाही. त्यातला हा प्रकार. कुठे कापायचे, किती कापायचे आणि कडेला काय शिवायचे हे सगळे लोक अनुभवाने शिकले. अनुभवाने शिकले याचा अर्थ काही चुका हवेतच कळल्या.

हा सगळा खेळ सुरू असताना एक गोष्ट मात्र शाबूत ठेवली गेली. नियमाप्रमाणे मुद्दाम उडी घेणाऱ्याच्या अंगावर एकाच साजात दोन छत्र्या लागतात. साज म्हणजे खांदे, छाती आणि मांड्यांभोवतीच्या पट्ट्यांचे जाळे. एक छत्री मुख्य आणि दुसरी राखीव. यांतली राखीव छत्री मान्यताप्राप्त हवी. लष्करी आदेश क्रमांकाची छत्री मान्यताप्राप्तच धरली जाई. त्यामुळे खेळाडू मुख्य छत्रीवर कात्री चालवत आणि राखीव छत्री कारखान्यातून आली तशी ठेवत. प्रयोग फसला तर परतायला एक न बदललेली वस्तू शिल्लक होती. पुढच्या साऱ्या नियमावलीचा गाभा या विभागणीत आहे.

प्रमाणपत्र म्हणजे काय?

विमानात वापरल्या जाणाऱ्या ठराविक वस्तूंसाठी अमेरिकेचे विमानखाते, म्हणजे फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन, किमान गुणवत्तेचे आदेश काढते. त्यांना टेक्निकल स्टँडर्ड ऑर्डर, थोडक्यात टीएसओ म्हणतात. हवाई छत्र्यांच्या आदेशाचा क्रमांक सी-२३. सुरुवातीला तो विमान उद्योगाच्या 'एनएएस ८०४' या मानकावर बेतलेला होता. १९८४ मध्ये त्याला एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचे नवे मानक जोडले गेले. १९९४ मध्ये त्यात सुधारणा झाली, आणि २०१२ मध्ये छत्री उद्योगाच्या संघटनेने तयार केलेले मानक आले.

या चाचण्या वाचण्यासारख्या आहेत. छत्रीवर शास्त्रशुद्ध अन्याय करणे हा त्यांचा हेतू दिसतो. दोऱ्यांना मुद्दाम पीळ घालून छत्री टाकतात. पिशवी उघडल्यापासून साधारण तीन सेकंदांत ती फुललीच पाहिजे असा दंडक असतो. १९९४ च्या मानकानुसार उतरण्याचा वेग सेकंदाला २४ फूट, म्हणजे ७.३ मीटर, याहून जास्त चालत नाही. हा वेग किती, हे वर्गात सहज काढता येईल. वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरणाची दुप्पट केले की ५३.३ ला १९.६ ने भागायचे. उत्तर येते सुमारे २.७ मीटर. म्हणजे जास्तीत जास्त मर्यादेने उतरणाऱ्या माणसाला बसणारा धक्का पावणेतीन मीटर उंचीच्या भिंतीवरून उडी मारल्याइतका. पाय मुरगळेल, क्वचित हाडही मोडेल, पण माणूस वाचेल. राखीव छत्रीकडून आरामाची अपेक्षा नसते. जीव वाचावा एवढीच अपेक्षा असते.

याहून महत्त्वाची ती बळकटीची चाचणी. निर्मात्याने जाहीर केलेल्या कमाल वजनाच्या १.२ पट वजन बांधून, कमाल वेगाच्या १.२ पट वेगाने छत्री उघडायची. दोन्हींत वीस-वीस टक्क्यांची वाढ पाहून सवलत थोडी वाटेल. पण गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या पटीत आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून १.२ गुणिले १.२ चा वर्ग, म्हणजे १.२ गुणिले १.४४, बरोबर १.७२८. छत्रीला नेहमीपेक्षा जवळजवळ पावणेदोन पट ऊर्जा झेलावी लागते. वापरणाऱ्याचा भरवसा या जादा पाऊण पटीवर उभा असतो.

आता पट्टा आखूड करण्याच्या प्रश्नाकडे परत येऊ. चाचणीत टाकली गेली ती एक विशिष्ट वस्तू होती. तिचे विशिष्ट कापड, विशिष्ट दोरा, प्रत्येक इंचात ठराविक टाके आणि ठराविक आकाराची शिवण होती. चाचणी साक्ष देते ती त्या वस्तूबद्दल आणि तिच्याच बरहुकूम बनवलेल्या भावंडांबद्दल. आपण पट्टा उसवून पुन्हा शिवला की हाती येणारी वस्तू कधीच विमानातून टाकलेली नसते. ती पहिलीहून मजबूतही असेल. पण ते कुणाला ठाऊक नसते. जास्त टाके घातले म्हणजे जोड जास्त पक्का, हा घरगुती समजही इथे धोक्याचा ठरतो. सुईचे प्रत्येक छिद्र विणीतले काही धागे दुखावते, आणि पट्ट्याच्या आडवे, दाट टाके घातले तर भोकांची रांगच तयार होते. टपाल तिकिटे ज्या रांगेवर फाटतात तशीच ही रांग.

सुई उचलण्याचा अधिकार

यातून अधिकारांची उतरंड तयार झाली. तळाशी स्वतः उडी घेणारा. तो आपली मुख्य छत्री स्वतः घडी घालून भरू शकतो, पण राखीव छत्रीला हात लावू शकत नाही. त्यावर सीनियर रिगर. वय किमान १८ वर्षे, आणि एका प्रकारच्या किमान २० छत्र्या देखरेखीखाली भरल्याचा अनुभव हवा. शिवाय लेखी, तोंडी आणि प्रत्यक्ष परीक्षा. तो राखीव छत्री भरतो आणि लहान दुरुस्त्या करतो. सर्वांत वर मास्टर रिगर. त्याला तीन वर्षांचा अनुभव आणि दोन प्रकारच्या प्रत्येकी किमान १०० छत्र्या भरल्याची नोंद लागते. मोठ्या दुरुस्त्या आणि फेरबदल फक्त त्याच्या कक्षेत येतात.

लहान दुरुस्ती आणि मोठी दुरुस्ती यांतला भेद भोकाच्या आकारावरून ठरत नाही. विमानविषयक नियमांनी तो फार सुरेख पद्धतीने केला आहे. चुकीची झाली तर जिचा बळकटीवर किंवा उडण्याच्या गुणांवर लक्षणीय परिणाम होऊ शकेल ती मोठी दुरुस्ती. म्हणजे काम किती मोठे आहे यापेक्षा चूक किती मोठी पडेल हे मोजायचे. छत्रीच्या कापडाला मधोमध लागलेले ठिगळ यात कदाचित लहान ठरेल, आणि साजावरचा चार बोटांचा जोड मोठा.

फेरबदलाची पायरी दुरुस्तीच्याही पुढची आहे. दुरुस्तीत वस्तू मूळ रूपाला परत नेतात, तर फेरबदलात मूळ रूपच बदलते. म्हणून मास्टर रिगरलाही निर्मात्याने किंवा विमानखात्याने स्पष्टपणे मान्य केलेल्या रीतीनेच तो करता येतो. नवे काही करायचे असेल तर बदलाचे वर्णन, आराखडे आणि आवश्यक तिथे चाचण्यांचे निकाल देऊन आधी संमती घ्यायची. काम झाल्यावर नोंद ठेवायची. भरलेल्या राखीव छत्रीच्या दोऱ्यावर रिगर स्वतःच्या खुणेचे सील लावतो आणि सोबतच्या पत्रिकेवर तारीख घालून सही करतो. पुढे काही घडले तर कुणाच्या हाताने काय झाले होते, हे शोधता येते.

मुख्य छत्रीच्या बाबतीत मात्र नियमाने मूठ सैल ठेवली आहे. तिच्यातल्या फेरबदलालाही पात्र रिगर लागतोच, पण तिच्या रचनेला सरकारी प्रमाणपत्राची अट नाही. एकच मर्यादा: मुख्य छत्रीत केलेल्या कशानेही राखीव छत्रीच्या कामात अडथळा येता कामा नये. परिणाम असा की या खेळातली नवी कल्पना बहुधा आधी मुख्य छत्रीत आली. डॉमिना जाल्बर्ट या पतंग बनवणाऱ्या कल्पक माणसाने १९६० च्या दशकात दुहेरी कापडाची, पुढून हवा भरून पंखासारखी फुगणारी चौकोनी छत्री शोधली. तिने गोल छत्र्यांना खेळातून जवळजवळ हद्दपार केले. मुख्य छत्री म्हणून ती पारखली गेली, आणि मग चाचण्या देऊन प्रमाणपत्रासह राखीव छत्रीच्या जागीही आली.

तीन कड्या, एक पेटी आणि एक आम्ल

नियमाची कसोटी लागली अशा काही घटना आता पाहू. मुख्य छत्री गुंतली तर ती आधी सोडून द्यावी लागते, नाहीतर राखीव छत्री तिच्यात अडकते. १९७० च्या दशकात बिल बूथ याने यासाठी तीन कड्यांची युक्ती काढली. साजावर एक मोठी कडी. छत्रीकडून येणाऱ्या खांदापट्ट्यावर मधली आणि लहान कडी. मधली कडी मोठीतून ओवून उलटायची, लहान कडी मधलीतून, आणि लहान कडीवर दोऱ्याचा एक फास. फासातून एक तार. प्रत्येक कडी तरफेसारखी काम करते. समजा, प्रत्येक टप्प्यावर भार एक पंचमांश होतो. तर तीन टप्प्यांत तो १२५ वा हिस्सा राहील आणि अडीचशे किलोंचा ताण फासाशी दोन किलोंवर येईल. त्यामुळे घाबरलेला माणूसही एका झटक्यात तार ओढू शकतो.

पण तरफेचे गणित अंतरांवर अवलंबून असते. कड्या कुठे शिवल्या यात काही मिलिमीटरांचा फरक पडला तरी टप्प्याचे गुणोत्तर बदलते. पुढे लहान आकाराच्या कड्या आल्या तेव्हा हे अधिकच जाणवले, कारण तेवढ्याच मिलिमीटरांची चूक लहान कडीच्या मानाने मोठी ठरते. शिवाय मोठी कडी साजावर असते, आणि साज प्रमाणित असतो. जुन्या साजावर ही युक्ती बसवायची म्हणजे प्रमाणित वस्तूत फेरबदल. नियम त्यात का लक्ष घालतो हे आता सांगायला नको.

दुसरी घटना १९९१ ची. जर्मनीत हेल्मुट क्लोथ याने 'सायप्रेस' नावाची इलेक्ट्रॉनिक पेटी बाजारात आणली. हवेचा दाब मोजून ती उंची आणि वेग ठरवते. सुमारे २२५ मीटर उंचीवरही माणूस सेकंदाला ३५ मीटरहून अधिक वेगाने पडत असेल, तर ती राखीव छत्रीच्या पिशवीचा फास आतून कापते. बेशुद्ध पडलेल्या माणसाचीही छत्री उघडते. इतकी हितकारी वस्तूसुद्धा पिशवीत सरळ कोंबता येत नाही. फास कापणारे पाते नेमके कुठे बसेल, तार कोणत्या खाचेतून जाईल, ती घडीला अडथळा करील का, याला पिशवीच्या निर्मात्याची मान्यता लागते. बदलामागचा हेतू चांगला आहे एवढ्याने चाचणी चुकत नाही.

तिसरी घटना रसायनशास्त्राच्या शिक्षकांसाठी. १९८० च्या दशकाच्या मध्यावर काही गोल राखीव छत्र्यांचे नायलॉन अनाकलनीयपणे कमजोर झालेले आढळले. शिवण ठीक, कापड ठीक. दोष निघाला तो जाळीच्या पट्टीत. जाळीतले आम्लधर्मी अवशेष तिच्याशी घडीत चिकटून राहणाऱ्या नायलॉनला खात होते. रिगर मंडळी ब्रोमोक्रेसॉल ग्रीन हे दर्शक जाळीवर लावून रंग पाहू लागली आणि शंकास्पद कापड ताणून तपासू लागली. दोन पदार्थ वेगवेगळे निर्दोष दिसतात, पण वर्षानुवर्षे एकत्र घडी घालून ठेवले की एक दुसऱ्याचे नुकसान करू शकतो. म्हणूनच 'चांगल्यातले चांगले' कापड स्वतःच्या मनाने लावण्यासही मनाई असते.

नियमही बदलतात

यावरून नियम दगडावरची रेघ आहेत असे समजू नये. राखीव छत्री किती दिवसांनी पुन्हा उघडून तपासून भरायची, याची मुदत पूर्वी ६० दिवस होती. १९७८ मध्ये ती १२० दिवस झाली आणि डिसेंबर २००८ पासून १८० दिवस. कृत्रिम धाग्यांची कापडे टिकाऊ असतात आणि सारख्या हाताळणीनेही ती झिजतात, असे अनुभवाने दिसले. मात्र रेशमासारखा नैसर्गिक धागा कुठेही असेल, तर ६० दिवसांची मुदत कायम आहे.

तसेच शिकाऊ माणसाला प्रशिक्षकाच्या पुढे बांधून दोघांनी एका छत्रीने उतरण्याची पद्धत १९८० च्या दशकाच्या आरंभी आली. दोघांचे वजन दुप्पट, पण हवा अडवणारे क्षेत्रफळ जवळजवळ तेवढेच. म्हणून पडण्याचा वेग सुमारे दोनाच्या वर्गमूळाने, म्हणजे १.४ पटीने वाढतो. त्यासाठी वेग रोखणारी एक छोटी छत्री आधीच सोडावी लागते. जुन्या नियमांत ही पद्धत बसत नव्हती. १९८४ मध्ये तिला प्रयोगादाखल सूट मिळाली. त्या सुटीखाली वर्षानुवर्षे अनुभव जमा झाला आणि २००१ मध्ये ती रीतसर नियमात आली. बदलाला मज्जाव नव्हता. अट होती ती नोंद ठेवून, जबाबदारी घेऊन बदलण्याची.

भारतात २०२२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केले आणि त्यात स्कायडायव्हिंगचाही समावेश आहे. खेळ वाढेल तसे असे प्रश्न आपल्याकडेही येतील. जुगाड हा आपण कौतुकाने वापरतो तो शब्द. मुख्य छत्रीच्या इतिहासात त्याला मानाची जागा आहे हे आपण पाहिलेच. राखीव छत्रीपाशी मात्र तो थांबावा लागतो.

वर्गात हे अनुभवायचे असेल तर पातळ प्लॅस्टिकची पिशवी, दोरा आणि एक बोल्ट एवढे साहित्य पुरते. एकसारख्या दोन छत्र्या बनवाव्यात. एक कधीही बदलायची नाही. दुसरीत एका वेळी एकच बदल करायचा: माथ्याला भोक, मागे खाच, दोरे आखूड. प्रत्येक बदलानंतर दोन्ही छत्र्या गच्चीवरून दहा-दहा वेळा सोडून वेळ मोजायची आणि वहीत बदल, तारीख व करणाऱ्याची सही घालायची. थोड्याच वेळात कुणीतरी घाईने दोन बदल एकदम करील आणि वेळेत पडलेला फरक कशामुळे, यावर गटात वाद होईल. तो वाद शिक्षकांनी मिटवू नये. न बदललेली छत्री आणि वही पुढे ठेवून तो मुलांनाच सोडवू द्यावा.